पुढच्या नंबराची किंमत

२०२५ च्या मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलीकडे अमेरिकेला जाण्याचा योग आला. आमची मंडळी बाळंतपणासाठी फेब्रुवारीपासूनच तिकडे होती. नातवाचे तोंड पाहिले, तीन आठवडे राहिलो आणि शाळा उघडायच्या आत एकटाच परत फिरलो. जावयांनी विमानतळाच्या दारात सोडले. पुढे तिकिटाशिवाय कोणाला जाता येत नाही, त्यामुळे निरोप तिथेच घेतला.

सुरक्षा तपासणीची रांग नागमोडी होती. पट्ट्यांच्या कुंपणातून माणसे पाच-सहा वळसे घेत सरकत होती. पाऊण तासाने मी ओळखपत्र पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलापासून दोन माणसांवर आलो. तेवढ्यात बाजूच्या मोकळ्या वाटेने गणवेशातील एक मुलगी एका तरुणाला घेऊन आली. तिने हलकेच हात आडवा करून आमची रांग थांबवली, तरुणाला टेबलासमोर उभे केले, हसून आमचे आभार मानले आणि ती निघून गेली. कोणी काही बोलले नाही. सगळे आपापल्या बुटांकडे पाहत राहिले. बेळगावच्या बसस्टँडवर कोणी असे केले असते तर त्याचा तीन भाषांत उद्धार झाला असता.

आत गेल्यावर जावयांना फोन केला तेव्हा हा प्रकार सांगितला. ते म्हणाले, "बाबा, तो घुसला नाही. त्याने पैसे भरलेत."

घुसला नाही, पैसे भरलेत. या दोन वाक्यांनी घरी येईपर्यंत माझा पिच्छा सोडला नाही. मी इतिहास शिकवणारा माणूस. कोणतीही रांग दिसली की ती कधी सुरू झाली आणि तिच्यातून पहिल्यांदा कोण सुटला, असे प्रश्न डोक्यात येतात. परत आल्यावर या रांगेचा इतिहास शोधत बसलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

मुळात ही रांग नव्हतीच. १९६० साली अमेरिकेत विमानात बसणे हे एस.टी.त बसण्याइतके सरळ होते. पिशवी कोणी उघडत नसे, खिसे कोणी चाचपत नसे. पोचवायला आलेली मंडळी थेट विमानाच्या दारापर्यंत जात. १ मे १९६१ रोजी मायामीहून की वेस्टला निघालेले एक छोटे विमान एका प्रवाशाने शस्त्राचा धाक दाखवून क्यूबाला नेले. अमेरिकेतील विमान-अपहरणाचा हा पहिला प्रकार. या गृहस्थाने तिकीट काढताना कॅरिबियन समुद्रातील एका जुन्या चाच्याचे नाव दिले होते, आणि ते कोणाला खटकलेही नाही! यावरून त्या काळचा निष्काळजीपणा म्हणा, निरागसपणा म्हणा, लक्षात यावा.

पुढे १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत तिथे विमान पळवण्याचे शंभर-सव्वाशेहून अधिक प्रयत्न झाले. आरंभी बहुतेकांना क्यूबाला जायचे असे, नंतर खंडणीखोर आले. २४ नोव्हेंबर १९७१ चा डी. बी. कूपर या नावाने प्रसिद्ध झालेला माणूस तर दोन लाख डॉलर घेऊन हवाई छत्रीने विमानातून उतरला, तो आजतागायत सापडलेला नाही. आश्चर्य याचे वाटते की एवढे होऊनही विमान कंपन्यांना तपासणी नको होती. प्रत्येक प्रवाशाची झडती घेतली तर गिऱ्हाईक मोटारीने जाईल, ही त्यांची भीती. त्यापेक्षा विमान हवानाला जाऊन परत आलेले त्यांना परवडत होते. वैमानिकांजवळ हवानाच्या विमानतळाचे नकाशे ठेवण्याची पद्धत पडली होती. १९६९ पासून काही कंपन्यांनी मधला मार्ग काढला. वागणुकीवरून संशय येईल तेवढ्याच प्रवाशांना धातुशोधक यंत्रातून जायला लावायचे, बाकीच्यांना मोकळे सोडायचे.

हा मधला मार्ग १० नोव्हेंबर १९७२ रोजी बंद झाला. सदर्न एअरवेजचे एक विमान तिघांनी पळवले. एक कोटी डॉलरची मागणी केली, आणि ती पुरी न झाल्यास टेनेसी राज्यातील ओक रिज येथील अणुसंशोधन केंद्रावर विमान आदळू, अशी धमकी दिली. सुमारे तीस तास ते विमान गावोगाव हिंडत होते. विमान हे नुसते वाहन नसून अस्त्र होऊ शकते, ही कल्पना २००१ च्या कितीतरी आधी, इथे पहिल्यांदा सरकारच्या छातीत धडकली. डिसेंबरात हुकूम निघाला आणि ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. अपहरणे झपाट्याने कमी झाली. त्याच फेब्रुवारीत अपहरणकर्त्यांबाबत क्यूबाशी करार झाला त्याचाही त्यात वाटा आहे, सगळे श्रेय यंत्राला देऊ नये.

आता यातला माझ्या दृष्टीने कळीचा भाग. अमेरिकेच्या राज्यघटनेत विनाकारण झडतीपासून नागरिकाला संरक्षण आहे. मग संशय नसताना कोट्यवधी लोकांची झडती कशी चालते? हा प्रश्न न्यायालयांत गेला. १९७३ साली डेव्हिस नावाच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने जो विचार मांडला त्याचा आशय असा. ही झडती गुन्हेगार शोधण्यासाठी नाही, शस्त्र विमानात जाऊ नये म्हणून आहे. ती एका सर्वसाधारण व्यवस्थेचा भाग आहे, आणि ज्याला ती नको असेल त्याला विमानात न बसण्याची मोकळीक आहे. तपासणी चालते ती अमुक माणसावर संशय आहे म्हणून नव्हे, सर्वांची आहे म्हणून. तिच्या सर्वसाधारणपणातच तिचा कायदेशीर आणि नैतिक आधार होता.

हे मला शाळेतल्या अनुभवाने पटते. एस.एस.एल.सी.च्या परीक्षेला दारात सगळ्या मुलांचे खिसे पाहिले तर कोणाला काही वाटत नाही, मुले हसत हसत हात वर करतात. पण एकाच मुलाला बाजूला घेऊन झडती घेतली तर दुपारपर्यंत त्याचा बाप कार्यालयात हजर असतो, आणि त्याचे चुकते असेही मला वाटत नाही.

आपल्याकडेही ही रांग अपहरणांनीच आणली. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' हे फोकर विमान लाहोरला नेऊन जाळण्यात आले. १९७६ च्या सप्टेंबरात दिल्लीहून मुंबईला निघालेले विमान पुन्हा लाहोरलाच गेले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून १९७८ च्या जानेवारीत नागरी विमान सुरक्षेसाठी वेगळा कक्ष निघाला. २३ जून १९८५ ला 'कनिष्क' विमानात स्फोट होऊन ३२९ माणसे गेली, आणि १ एप्रिल १९८७ पासून त्या कक्षाचे स्वतंत्र खाते झाले. १९९९ च्या नाताळात काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला गेले ते अजून पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्यानंतर २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. आमच्या पिढीने लहानपणी सायकली हाणत सांबऱ्याला जाऊन कुंपणाबाहेरून विमाने पाहिली. त्याच सांबऱ्याला आता खाकी गणवेशातला जवान हातात यंत्र घेऊन 'हात वर' म्हणतो, आणि आपण विनातक्रार वर करतो.

अमेरिकेत १९७३ पासून २००१ पर्यंत तपासणीचे काम सरकारच्या नियमाने पण विमान कंपन्यांच्या खर्चाने, खासगी ठेकेदारांची माणसे करत. पगार तुटपुंजे, माणसे टिकत नसत. ११ सप्टेंबर २००१ नंतर हे सगळे बदलले. १९ नोव्हेंबर २००१ रोजी नवा कायदा झाला आणि वाहतूक सुरक्षा प्रशासन नावाचे सरकारी खाते उभे राहिले. वर्षभरात पन्नास हजारांवर तपासनीस सरकारी नोकरीत आले. खर्चासाठी प्रत्येक तिकिटावर सुरक्षा शुल्क लागले, आरंभी विमानात चढण्याच्या प्रत्येक वेळी अडीच डॉलर. २०१४ पासून ते एका दिशेच्या प्रवासाला ५.६० डॉलर झाले. यातला काही भाग सुरक्षेकडे न जाता सरकारची तूट भरण्याकडे वळवण्याची तरतूद तिथल्या संसदेने २०१३ च्या अखेरीस केली. रांगेत तिष्ठणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते की नाही कोण जाणे.

त्या डिसेंबरात पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात रिचर्ड रीड नावाच्या इसमाने बुटात दडवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. तेव्हापासून बूट संशयित झाले, आणि २००६ च्या ऑगस्टपासून सर्वांना बूट काढणे सक्तीचे झाले. द्रव पदार्थांवरचे निर्बंधही त्याच महिन्यातले. मुलीसाठी कैरीचे लोणचे हातातल्या पिशवीत नेऊ पाहणाऱ्या कितीतरी मराठी आयांना या ऑगस्टने रडवले आहे.

रांग अशी फुगत गेली. पण तिच्यातून सुटण्याची वाटही नोव्हेंबर २००१ च्या त्याच कायद्यात होती, हे मला फार उशिरा समजले. त्यात एक लहानसे कलम आहे. विश्वासू प्रवाशांसाठी वेगळी योजना करून त्यांची तपासणी लवकर उरकण्याचा अधिकार त्यात खात्याला दिलेला आहे. हेतू वाईट नव्हता. गवताच्या गंजीत सुई शोधायची तर आधी गंजी लहान करा, ज्यांची पूर्ण माहिती आपल्याजवळ आहे त्यांना बाजूला काढा, असा तो युक्तिवाद. २००४ च्या जुलैत मिनिआपोलिसला प्रयोग सुरू झाला. पुढे आणखी चार विमानतळ आले. प्रवाशाने माहिती, बोटांचे ठसे आणि बुबुळाचे चित्र द्यायचे, सरकारने त्याची पार्श्वभूमी तपासायची. यासाठी पैसे घेतले जात नव्हते.

पैसे आले ते स्टीव्हन ब्रिल यांच्यामुळे. हे मूळचे पत्रकार. वकिलीच्या व्यवसायाविषयीचे मासिक आणि न्यायालयांचे कामकाज दाखवणारी दूरचित्रवाहिनी त्यांनी काढलेली. सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेवर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिले, ते २००३ साली आले. पुस्तक लिहिता लिहिता त्यांना दिसले की भीतीमुळे देशभर रांगा लागणार आहेत, आणि त्याच वर्षी त्यांनी कंपनी काढली. इतिहास लिहिणाऱ्याने इतिहासातून धंदा काढल्याची अशी उदाहरणे फार नसावीत. २००५ च्या जुलैत फ्लोरिडातील ऑर्लँडो विमानतळावर त्यांची 'क्लिअर' नावाची योजना सुरू झाली. वर्षाची वर्गणी सुमारे ऐंशी डॉलर.

क्लिअर विकत काय होती, हे नीट पाहिले पाहिजे. जाहिरातीत दोन गोष्टी होत्या. एक विश्वास: सरकारने तुमची पार्श्वभूमी तपासली आहे, तेव्हा तुमची तपासणी हलकी होईल. बूट पायातच ठेवून तपासणारे एक यंत्रही ऑर्लँडोला बसवले होते. दुसरी गोष्ट म्हणजे वेगळी वाट, पुढचा नंबर. पण बुटांचे यंत्र सरकारी कसोटीला उतरले नाही, त्यामुळे सभासदांनाही बूट काढावेच लागले. मग २००८ च्या जुलैत सरकारने प्रयोगच गुंडाळला. या प्रवाशांची पार्श्वभूमी आम्ही यापुढे तपासणार नाही, त्यासाठीचे २८ डॉलर शुल्कही घेणार नाही, असे खात्याने जाहीर केले. म्हणजे विश्वासाचा भाग गळून पडला. उरला फक्त पुढचा नंबर.

इथे धंदा बंद पडायला हवा होता, असे कोणाही तर्कशुद्ध माणसाला वाटेल. ज्या पायावर इमारत उभी, तो पायाच सरकारने काढून घेतला. पण लोक वर्गणी भरतच राहिले, आणि वर्गणी तर वाढत वाढत १९९ डॉलरवर गेली होती. मला या सबंध इतिहासातला हा सर्वांत बोलका क्षण वाटतो. सुरक्षेशी संबंध संपला तेव्हाच विकत घेणाऱ्याला खरे काय हवे होते ते उघड झाले.

त्याच २००८ च्या जुलै महिन्याअखेर सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरून कंपनीचा एक लॅपटॉप नाहीसा झाला. त्यात सुमारे तेहतीस हजार अर्जदारांची माहिती होती, आणि ती सांकेतिक स्वरूपात बंदिस्त केलेली नव्हती. काही दिवसांनी तो त्याच कार्यालयात सापडला! सुरक्षेच्या नावाने माणसांचे ठसे गोळा करणाऱ्यांची ही सुरक्षा. पुढच्या वर्षी ब्रिल कारभारातून बाजूला झाले आणि २२ जून २००९ रोजी रात्री अकरा वाजता कंपनीने दुकान बंद केले. वीसेक विमानतळांवर तिच्या वाटा होत्या, सभासद अडीच लाखांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक विमानतळावर गेले तर त्यांच्या वाटेला कुलूप. वर्गणी परत देण्याची आमची आर्थिक स्थिती नाही, असे कंपनीने कळवले. पैसे बुडाले ते बुडाले, पण माणसांच्या मनात दुसराच प्रश्न आला. आमच्या बोटांचे ठसे आणि बुबुळे आता कोणाच्या मालकीची? दिवाळखोराच्या मालमत्तेत खुर्च्या-टेबलांबरोबर त्यांचाही लिलाव होणार काय?

तसा प्रकार थोड्या वेगळ्या रीतीने झालाच. २०१० मध्ये कॅरिन सीडमन-बेकर आणि केन कॉर्निक या दोघांनी सुमारे साठ लाख डॉलरना क्लिअरची मालमत्ता विकत घेतली आणि नोव्हेंबरात ऑर्लँडो व डेन्व्हरला पुन्हा वाट उघडली. सभासदांची जुनी माहिती, त्यांच्या संमतीने, नव्या कंपनीकडे आली. पुढे डेल्टा आणि युनायटेड या बड्या विमान कंपन्यांनी त्यात हिस्सा घेतला, आणि २०२१ च्या जूनअखेरीस क्लिअर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली.

विमानतळावर मी पाहिलेल्या प्रसंगासारखा प्रकार कायद्याने कसा चालतो, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. उत्तर साधे आहे, पण ते लक्षात येत नाही. तपासणी सरकारची, रांग सरकारची नाही. यंत्रापाशी काय काढायचे, काय ठेवायचे हे सरकारी खाते ठरवते. पण टेबलापर्यंत माणसांनी कसे यायचे, कोणाला कोणत्या वाटेने आणायचे, ही व्यवस्था विमानतळ आणि विमान कंपन्या यांच्याकडे. म्हणून पहिल्या वर्गाच्या तिकिटवाल्यांना वेगळी वाट देता येते आणि म्हणूनच वाटेचा ठेकाही देता येतो. ब्रिटनमध्ये तर कित्येक विमानतळ स्वतःच काही पौंड घेऊन जलद वाट विकतात, मधे दुसऱ्या कंपनीची गरजही ठेवत नाहीत. सुरक्षा सर्वांना सारखी, फक्त तिष्ठण्याचा वेळ सारखा नाही, असे याचे समर्थन केले जाते. तपासणीचा काच त्या तिष्ठण्यातच असतो, हे समर्थन करणारे विसरतात.

इकडे सरकारने विश्वासाचा मुद्दा सोडला नव्हता. २०११ च्या ऑक्टोबरात खात्याने स्वतःची 'प्रीचेक' योजना आणली. आरंभी ती विमान कंपन्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपुरती होती, २०१३ च्या डिसेंबरपासून कोणाही अमेरिकन नागरिकाला वा कायम रहिवाशाला अर्ज करता येऊ लागला. तेव्हा पाच वर्षांचे ८५ डॉलर, मुलाखत, ठसे, पार्श्वभूमीची तपासणी. मग बूट पायात, पट्टा कमरेला, लॅपटॉप पिशवीत. न्यायाने बोलायचे तर ही योजना क्लिअरपेक्षा वेगळी आहे. इथे पैसे नंबराचे नसून चौकशीच्या खर्चाचे आहेत, रक्कम तेव्हा वर्षाला सतरा डॉलर होती म्हणजे तिथल्या मानाने किरकोळ, आणि बदल्यात सरकारला खरोखर काही माहिती मिळते. आमच्या मुलीचे मत असे की यात गैर काही नाही, पासपोर्टलाही आपण पैसे भरतोच की. तिच्याशी मी वाद घातला नाही. पण २०१६ साली जे घडले ते तिला सांगितले.

खात्याने असा हिशेब केला होता की लोक मोठ्या संख्येने प्रीचेकमध्ये येतील, त्यांच्या तपासणीला कमी माणसे लागतील, म्हणून तपासनीस कमी केले तरी चालेल. तपासनीस कमी झाले. लोक मात्र अपेक्षेइतके आले नाहीत. मधल्या काळात जलद वाट रिकामी दिसू नये म्हणून सामान्य रांगेतली माणसे उचलून तिकडे पाठवण्याचा उद्योगही झाला. तो प्रकार बंद करावा लागला. मग ती सगळी माणसे पुन्हा सामान्य रांगेत आली आणि २०१६ च्या मे महिन्यात रांगा तुंबल्या. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर एका रात्रीत शेकडो प्रवाशांची विमाने चुकली, माणसांनी विमानतळावरच खाटा टाकून रात्र काढली. सुरक्षा कामकाजाच्या प्रमुख अधिकाऱ्याला पदावरून हलवण्यात आले.

त्या दिवसांत या लोकांना अधिकाऱ्यांकडून जो सल्ला मिळत होता तो असा: प्रीचेकचा अर्ज करा. सल्ला चुकीचा नव्हता. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत प्रीचेकचे सभासद दोन कोटींवर गेले. पण सामान्य रांग लांब असणे हीच जलद रांगेची जाहिरात होऊन बसली. एकदा सुटकेची वाट विक्रीला निघाली की मूळ रांग आखूड करण्यात कोणाचे हित उरते? ज्यांचा आवाज पोचतो, ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते, ते तर आधीच पलीकडच्या वाटेने निघून गेलेले असतात. सरकारी शाळांचे गेल्या तीस वर्षांत आपण काय होताना पाहिले? शिकलेल्यांची मुले बाहेर पडली आणि मग गळक्या छपराबद्दल तहसीलदाराकडे जाणारे कोणी राहिले नाही.

याला विरोध झाला नाही असे नाही. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये जॉश न्यूमन या सदस्याने एक विधेयक आणले. त्यात क्लिअरवर बंदी नव्हती. मागणी इतकीच, की अशा कंपनीच्या गिऱ्हाइकांना सामान्य रांगेत मधे घालू नका, त्यांची वाट आणि त्यांचा तपासनीस वेगळा ठेवा. विमानातील कर्मचारी आणि तपासनीस यांच्या संघटना बाजूने होत्या, विमान कंपन्या विरुद्ध. विधेयक समितीतच पडले.

आपल्याकडच्या वाचकांना वाटेल, पैशाच्या जोरावर पुढे जाणे हा अमेरिकनांचा दोष. तिरुपतीचे तीनशे रुपयांचे दर्शन आणि रेल्वेचे तत्काळ तिकीट आठवले की तो समज टिकत नाही. पण विमानतळापुरते बोलायचे तर आपली रीत निराळी आहे. आपल्याकडे सूट पैशाने नसून पदाने मिळते. तपासणीतून वगळलेल्या व्यक्तींची यादीच विमानतळांवर लावलेली असे. राष्ट्रपती, माजी राष्ट्रपती, राज्यपाल, मुख्यमंत्री असे करत ती दलाई लामांपर्यंत जाते. एका खासगी व्यक्तीचे नावही तीत होते, ते बराच गदारोळ झाल्यावर २०१५ साली काढले.

या दोन रीतींची टक्कर २००९ साली दिल्लीत झाली. एप्रिल महिन्यात माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमेरिकेला निघाले असता कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या माणसांनी विमानात चढण्यापूर्वी त्यांची झडती घेतली. जुलैत ही बातमी फुटली तेव्हा संसदेत गोंधळ झाला. आमच्या देशाच्या नियमाप्रमाणे तपासणीत अपवाद नाही, असा कंपनीचा पहिला खुलासा होता. नंतर तिने माफी मागितली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर पुन्हा तसेच घडले. कलामांचा कोट आणि बूट तपासायला नेले. या वेळी अमेरिकन सरकारने दिलगिरी व्यक्त केली. दोन्ही वेळी रागावले ते दुसरे लोक. स्वतः कलामांनी तक्रार केली नव्हती.

तेव्हा मीही रागावलो होतो, शिक्षकांच्या खोलीत तावातावाने बोललोही होतो. आज तो प्रसंग पुन्हा पाहताना वाटते, 'अपवाद नाही' हे अमेरिकनांचे म्हणणे त्या दिवशी चुकीचे नव्हते. १९७३ च्या न्यायालयाचाच तो सूर होता. फक्त ज्या २०११ साली त्यांनी भारताच्या माजी राष्ट्रपतींचे बूट काढून नेले, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात प्रीचेकच्या पहिल्या वाटा उघडल्या होत्या आणि विमान कंपन्यांची नेहमीची गिऱ्हाइके त्यांतून बूट घालून जाऊ लागली होती.

भारतात अजून तरी सरकारने नंबर विकायला काढलेला नाही. प्रत्येक देशांतर्गत प्रवाशाच्या तिकिटात १ एप्रिल २०२१ पासून दोनशे रुपये सुरक्षा शुल्क आहे, ते मंत्र्याच्या आणि मजुराच्या तिकिटात सारखेच. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला सुरू झालेली चेहरा ओळखणारी 'डिजियात्रा' मोफत सुरू झाली, आणि तिच्यातून गेले तरी जवानाची तपासणी चुकत नाही. २०२४ च्या जूनमध्ये दिल्लीत आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबई, हैदराबादसह आणखी सात विमानतळांवर विश्वासू प्रवाशांसाठी जलद इमिग्रेशनची सोय आली, तीही सुरुवातीला मोफतच. अमेरिकेतली वाटही २००४ साली मोफतच सुरू झाली होती.

आमची मंडळी ऑगस्टमध्ये परत आली. मधल्या काळात, ८ जुलै २०२५ रोजी, अमेरिकन सरकारने बूट काढण्याचा सर्वसाधारण नियम उठवला होता. इतकी वर्षे पैसे भरून जी सवलत लोक घेत होते, ती एका दिवसात सर्वांची झाली. हिला ते माहीत नव्हते. यंत्रापाशी आल्यावर हिने नेहमीप्रमाणे वाकून चपला काढल्या, ट्रेमध्ये ठेवल्या आणि देवळात शिरावे तशी अनवाणी पुढे गेली. तिथल्या बाईने हसून ट्रे परत हिच्या पायाशी ठेवला.

"अहो, मला वाटलं माझ्या चपलांतच काहीतरी सापडलं," ही घरी आल्यावर सांगत होती. "मागची सगळी माणसं बूट घालूनच उभी होती."